मान्सूनच्या शोधात गवसलेला समुद्राचा झोका

१८९९ साली हवामान खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज वर्तविला आणि त्याच वर्षी मान्सूनने दगा दिला. पश्चिम व मध्य भारतात पडलेल्या दुष्काळात लक्षावधी माणसे दगावली. मुंबई इलाखाही त्यातून सुटला नाही. खात्याचे प्रमुख जॉन इलियट निवृत्त झाले तेव्हा, १९०४ मध्ये, त्यांच्या जागी आला तो हवामानतज्ज्ञ नव्हता. केंब्रिजचा गणिती गिल्बर्ट थॉमस वॉकर यांच्याकडे ही सूत्रे आली.

१४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल येथे जन्मलेले वॉकर १८८९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले आले होते. बूमरँग फेकण्याच्या आणि त्याचे गणित मांडण्याच्या नादापायी मित्र त्यांना 'बूमरँग वॉकर' म्हणत. गुणी माणसाची पारखही त्यांना होती. १९१३ मध्ये मद्रासला त्यांनी एका कारकुनाची गणिताची टिपणे पाहिली आणि विद्यापीठाकडे शिफारस केली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन!

मान्सून का येतो, याचा सिद्धांत हाती नसल्याने वॉकर यांनी आकड्यांचा मार्ग धरला. जगभरच्या वेधशाळांतील हवेचा दाब, तापमान, पाऊस यांच्या नोंदी मागवून सिमल्याच्या कार्यालयात भारतीय कारकुनांकरवी हजारो सहसंबंध हाताने काढून घेतले. हिमालयातील बर्फ, मॉरिशस व दक्षिण अमेरिकेतील हवेचा दाब आणि झांजिबारचा पाऊस यांवरून त्यांनी मान्सूनच्या अंदाजाचे सूत्र बसविले.

त्या काळी आणखी एक वाद होता. जंगलतोडीमुळे भारताचे हवामान कायमचे बिघडले, असे अनेकांना वाटे. वॉकर यांनी जुन्या नोंदी तपासून १९१० मध्ये अहवाल दिला. पाऊस कायमचा घटल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. निसर्गाची चढउतार कोणती आणि माणसाची करणी कोणती, हे भावनेने नव्हे तर आकड्यांनी ठरवावे, हा त्यांचा खाक्या होता.

या खटाटोपातून मान्सूनचा खात्रीचा अंदाज काही हाती लागला नाही. लागले ते वेगळेच. पॅसिफिकच्या पूर्वेला दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो आणि पुढे उलटही होते, असा एक प्रचंड झोका त्यांना दिसला. १९२४ मध्ये त्यांनी त्याला 'सदर्न ऑसिलेशन' हे नाव दिले. त्याच वर्षी 'सर' होऊन ते मायदेशी परतले. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या वास्तूला पुणेकर 'सिमला ऑफिस' म्हणतात ते त्यामुळेच.

झोका हलतो कशाने, याचे उत्तर मात्र वॉकर यांना मिळाले नाही. ते हवेत नव्हतेच, पाण्यात होते. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी, नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. नियतीचा खेळ असा, की नेमक्या १९५७-५८ च्या एल निनोच्या काळात आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षानिमित्त पॅसिफिकची मोजमापे चालू होती. त्यांच्याच आधारे जेकब बियर्क्नेस यांनी दुवा जुळविला. व्यापारी वारे उबदार पाणी पश्चिमेकडे लोटतात आणि पेरूच्या किनाऱ्याकडे खालचे थंड पाणी वर येते. वारे मंदावले की उबदार पाणी पूर्वेकडे पसरते, त्यामुळे दाबातील फरक घटतो आणि वारे आणखी मंदावतात. १९६९ मध्ये बियर्क्नेस यांनी या वायुचक्राला 'वॉकर अभिसरण' असे नाव दिले.

आज हा नैसर्गिक झोका चढत्या पायरीवर हलतो आहे. १८५०-१९०० च्या तुलनेत २०११-२०२० या दशकात जगातील समुद्रपृष्ठाचे तापमान सरासरी ०.८८ अंश सेल्सिअसने वाढले होते आणि त्यामागे मुख्यत्वे माणसाने सोडलेले हरितगृह वायू आहेत. एल निनोची उष्णता वर्ष-दोन वर्षांत ओसरते. ही ओसरत नाही. प्रबळ एल निनोचे १९९८ हे वर्ष त्या वेळी उच्चांकी ठरले होते. २०२२ मध्ये थंड ला निना असूनही जग त्याहून उष्ण होते. उष्णकटिबंधीय हिंदी महासागर तर १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एक अंशाने तापला.

तापत्या जगात वॉकर अभिसरण दुबळे होईल, असे बहुतेक संगणकीय प्रारूपे सांगत होती. गेल्या शतकाच्या अखेरीपासून पुढची काही दशके पॅसिफिकवर ते उलट बळावलेले दिसले. यात निसर्गाचा वाटा किती आणि माणसाचा किती, यावर शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही.