चार्ल्स केटरिंग

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग (२९ ऑगस्ट, १८७६ – २५ नोव्हेंबर, १९५८) हे अमेरिकन अभियंते, संशोधक व उद्योजक होते. मोटारगाडीची बॅटरी-कॉइल प्रज्वलन पद्धती आणि विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टर यांसाठी ते ओळखले जातात. त्यांच्या नावावर १८६ पेटंट आहेत.

प्रारंभिक जीवन

केटरिंग यांचा जन्म ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. दृष्टिदोषामुळे त्यांचे विद्यापीठीय शिक्षण खंडित झाले. मधल्या काळात त्यांनी दूरध्वनीच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत काम केले. १९०४ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातून ते विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. त्यानंतर डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांनी गल्ल्याच्या यंत्रासाठी विद्युत मोटर बसवली. ती मोटर आकाराने लहान असूनही क्षणभर मोठा जोर देत असे.

प्रज्वलन पद्धती

१९०९ मध्ये केटरिंग यांनी एडवर्ड डीड्स यांच्यासह डेल्को ही कंपनी स्थापन केली. सुरुवातीचे प्रयोग डीड्स यांच्या घरामागील कोठारात झाले. त्यांच्या प्रज्वलन पद्धतीत बॅटरीचा कमी दाबाचा प्रवाह कॉइलमधून जातो. पॉइंट उघडताच हा प्रवाह तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. डिस्ट्रिब्युटरमधील रोटर तो दाब क्रमाने प्रत्येक सिलिंडरच्या प्लगकडे पाठवतो व तेथे ठिणगी पडते. कॅडिलॅक कंपनीने ही पद्धती प्रथम स्वीकारली. पुढे अनेक दशके जगभरातील बहुतेक पेट्रोल गाड्या याच तत्त्वावर चालल्या. मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेल्या फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्याही त्यांपैकीच होत.

दमट हवेतील दोष व निदान

ही पद्धती विद्युतरोधनावर अवलंबून असल्याने पावसाळ्यात तिची उणीव उघड होते. डिस्ट्रिब्युटरची कॅप, कॉइलचे तोंड व प्लगच्या वायरी यांवर धूळ आणि ओल यांचा थर बसतो. उच्च दाबाचा प्रवाह प्लगपर्यंत न पोहोचता या थरावरून इंजिनाच्या धातूकडे निसटतो. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचा दाबही उतरलेला असतो. त्यामुळे ठिणगीची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्या वेळी ती दुर्बल होते.

स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, हे या दोषाचे प्रमुख लक्षण होय. अंधारात बॉनेट उघडून स्टार्टर फिरवल्यास वायरींवरून धावणाऱ्या निळसर ठिणग्या कधीकधी दिसतात. कॉइलच्या मधल्या वायरीला चांगली ठिणगी आहे, परंतु प्लगला नाही, असे आढळल्यास दोष कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरींत असतो. मधल्या वायरीलाच ठिणगी नसल्यास कॉइल, पॉइंट व कंडेन्सर तपासावे लागतात. प्लगवर सशक्त ठिणगी असेल, तर लक्ष पेट्रोलपुरवठ्याकडे वळते. कॅप आतून-बाहेरून कोरडी पुसल्याने गाडी अनेकदा सुरू होते. मात्र कॅपला तडा गेला असल्यास किंवा आत कोळशासारखी काळी रेघ उमटली असल्यास ती बदलावी लागते, कारण त्या रेघेवरून प्रवाह पुन्हा गळतो.

सेल्फ स्टार्टर

पूर्वी इंजिन लोखंडी हँडलने फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिल्यास चालकाचा हात मोडण्याचा धोका असे. गल्ल्याच्या यंत्रातील अनुभवावरून केटरिंग यांनी अल्पकाळ मोठा जोर देणारी मोटर गाडीत बसवली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ती प्रथम आली. इंजिन सुरू झाल्यावर हीच मोटर जनित्राचे काम करून बॅटरी भारित करी. मराठीत रूढ झालेला ‘सेल्फ’ हा शब्द या उपकरणाच्या नावाचे संक्षिप्त रूप आहे.

जनरल मोटर्स व शिसेयुक्त पेट्रोल

१९२० ते १९४७ या काळात केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. तांब्याच्या पंखांनी थंड होणारे त्यांचे इंजिन अयशस्वी ठरले व १९२३ मध्ये त्या गाड्या परत घेण्यात आल्या. त्यांच्या हाताखालील टॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये इंजिनातील ठोका थांबवण्यासाठी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग शोधले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. तरीही केटरिंग यांनी त्याच्या वापराचे समर्थन केले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. जगातून ते २०२१ मध्ये हद्दपार झाले.

वारसा

१९४५ मध्ये न्यू यॉर्क येथे कर्करोग संशोधनासाठी स्लोन-केटरिंग संस्था स्थापन झाली. केटरिंग यांचे निधन डेटन येथे झाले. आधुनिक गाड्यांत पॉइंट व डिस्ट्रिब्युटर यांची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने आणि प्रत्येक प्लगवरील स्वतंत्र कॉइलने घेतली. त्यामुळे ओलीचा त्रास बराच कमी झाला. कॉइलमधील प्रवाह अचानक तोडून ठिणगी मिळवण्याचे तत्त्व मात्र कायम आहे.