लेखणीचें दान : लेडी जॉर्जियाना फुलर्टन

कादंबरी लिहिणें वा वाचणें म्हणजे केवळ वेळ दवडणें, असें मानणारी वडील मंडळी आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिली असेल. त्या मंडळींचा मान राखूनच, कादंबऱ्या लिहून गोरगरिबांची सेवा करणाऱ्या एका थोर कॅथॉलिक बाईंचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सादर करीत आहों.

लेडी जॉर्जियाना यांचा जन्म २३ सप्टेंबर १८१२ रोजीं इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर परगण्यांत, टिक्सल हॉल येथें झाला. त्यांचे वडील पुढें पहिले अर्ल ग्रॅनव्हिल झाले व पॅरिस येथें इंग्लंडचे राजदूत होते. आई डेव्हनशायरच्या ड्यूकची कन्या. १८३३ सालीं पॅरिस येथेंच अलेक्झांडर फुलर्टन या आयरिश लष्करी अधिकाऱ्याशीं त्यांचा विवाह झाला. १८४४ मध्यें ‘एलन मिडलटन’ ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. पति १८४३ मध्यें कॅथॉलिक झाले होते; बाईंनीं १८४६ मध्यें पवित्र सभेंत प्रवेश केला. त्यानंतर १८४७ मध्यें ‘ग्रँटली मॅनर’ व १८५२ मध्यें ‘लेडी बर्ड’ या कादंबऱ्या निघाल्या.

अशा वैभवांत १८५५ सालीं वज्राघात झाला. एकुलता एक पुत्र ऐन तारुण्यांत देवाघरीं गेला. त्या दिवसापासून अंगावर चढलेलीं शोकाचीं काळीं वस्त्रें बाईंनीं आमरण उतरविलीं नाहींत. मेजवान्या व दरबारी थाट यांकडे पाठ फिरवून त्यांनीं उरलेलें आयुष्य दीनदुबळ्यांस वाहिलें आणि संत फ्रान्सिसच्या तृतीय संघांत त्या दाखल झाल्या. संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या धर्मभगिनींस लंडनला आणण्यांत, तसेंच क्रिमियाच्या युद्धांत जखमींची शुश्रूषा केलेल्या फ्रान्सेस टेलर यांना नव्या धर्मभगिनीसंघाच्या स्थापनेंत साह्य करण्यांत त्यांचा मोठा वांटा होता.

परंतु या कार्यांस पैसा लागे. तेव्हां संसारसुखांतून निवृत्त झालेल्या या मातेनें लेखणी पुनः हातीं घेतली. १८६४ मध्यें ‘टू स्ट्रेंज नॉट टु बी ट्रू’, १८६५ मध्यें राणी एलिझाबेथच्या काळांतील कॅथॉलिकांच्या छळाची ‘कॉन्स्टन्स शेरवुड’ आणि १८६९ मध्यें ‘मिसेस जेरल्ड्स नीस’ या कादंबऱ्या, शिवाय संतचरित्रें व भाषांतरें त्यांनीं लिहिलीं. लेखनाची मिळकत त्या दानधर्माकडे लावीत.

घरच्या संपत्तींतून दान देणें त्यांना सहज शक्य होतें, व तें त्या देतही होत्या. तेवढ्यावर समाधान न मानतां स्वतःच्या श्रमांची भर त्यांनीं त्यांत घातली, हें आम्हांस विशेष वाटतें. पुत्रशोकानें पोळलेल्या मनानें रोज मेजापाशीं बसून परक्यांच्या सुखदुःखाच्या कथा रचणें हें सोपें काम नव्हे. १९ जानेवारी १८८५ रोजीं बोर्नमथ येथें त्यांनीं देह ठेविला.

या महोत्सवाच्या वर्षीं धर्मग्रामाच्या कार्यास काय द्यावें, असा प्रश्न पुष्कळांस पडला असेल. द्रव्य नसेल त्याच्या हातीं कांहींतरी कला आहे. कोणी शिवतो, कोणी गातो, कोणी लिहितो. दुःखानें अथवा वयानें आतां आपला उपयोग संपला असें ज्यांस वाटतें, त्यांनीं फुलर्टनबाईंचें हें चरित्र अवश्य ध्यानीं घ्यावें, अशी आमची नम्र विनंति आहे.