शाळाच निघाली अंगणात!

मैत्रिणींनो, आज एका मोठ्या बाईंची गोष्ट सांगायचीय. पण सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

आमच्या गावात मी बरीच वर्षं बालवाडी चालवली. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, माळावर कोप्या पडायच्या. एका सकाळी पाच-साडेपाच वर्षांची एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. काखेत धाकटा भाऊ, त्याचं नाक वाहतंय. मी तिचं नाव हजेरीत घेतलं आणि म्हटलं, उद्यापासून बाळाला कोपीवर ठेवून ये. ती मान हलवून गेली, ती परत काही आली नाही. आठ दिवसांनी मी हजेरीतून तिचं नाव खोडलं. यांना शिकायचंच नसतं, असंही म्हणाले असेन.

पुढे घरी बसल्यावर ताराबाई मोडकांचं चरित्र सवडीनं वाचलं, आणि ते खोडलेलं नाव आठवलं.

ताराबाईंचा जन्म १८९२चा. घरात प्रार्थना समाजाचे सुधारक विचार. मुली जेमतेम चौथीपर्यंत शिकायच्या त्या काळात ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्न अमरावतीच्या वकिलांशी झालं. पण संसार काही टिकला नाही. १९२१ मध्ये दोघं वेगळे झाले. पदरात लहानगी मुलगी! आजही अशा बाईकडे लोक कसं बघतात ते आपण जाणतोच. शंभर वर्षांपूर्वी काय झालं असेल? ताराबाई रडत बसल्या नाहीत. मुलीला घेऊन त्यांनी राजकोट गाठलं आणि तिथल्या स्त्री अध्यापिकांच्या कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मानाची, पगाराची नोकरी होती.

तीही त्यांनी सोडली! भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं होतं. छडी नाही, घोकंपट्टी नाही, मुलं आपल्या हातांनी करून शिकताहेत. ताराबाई १९२३ मध्ये तिथे गेल्या आणि त्यांना आपलं काम सापडलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. मुंबईतले शिकलेले आईबाप आपली पोरं हौसेनं तिथे आणू लागले.

इथवर आल्यावर दुसरी कुणी बाई समाधानानं थांबली असती. ताराबाईंना मात्र एक गोष्ट टोचत होती. मादाम मॉन्टेसरींची साधनं सुरेख खरी, पण महागडी. म्हणजे हे शिक्षण शहरातल्या, ऐपतीच्या घरांसाठीच का? खेड्यातल्या मुलाचं काय?

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात जाऊन राहिल्या. त्याच सुमारास अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. लहान वयात लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताई शिक्षिका झाल्या होत्या. पुढची सगळी वर्षं या दोघींनी मिळून काम केलं.

बोर्डीत बालवाडी उघडली; पण गरिबांची, हरिजनवाड्यातली मुलं फिरकेनात. आता इथेच बघा हं, माझ्यात आणि त्यांच्यात काय फरक होता! मी नाव खोडलं. त्या उठून मुलाच्या घरी गेल्या. मूल का येत नाही, त्याला घरी काय काम असतं, हे त्यांनी पाहिलं. मग ठरवलं, मूल शाळेत येत नाही ना, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची. आधी मुलांना न्हाऊ-माखू घालायचं, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. साधनं कुठली? शंख-शिंपले, चिंचोके, खडे, पानं, फुलं, माती! पै न खर्चता मुलं मोजायला, रंग ओळखायला, लहान-मोठं लावायला शिकू लागली. आया कामं करता करता बघत होत्या. हीच अंगणवाडी.

१९५६-५७च्या सुमारास काम डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला वारली पाडे. इथली मुलं दिवसभर गुरांमागे. मग शिक्षकच कुरणात जायचा. गुरं चरताहेत आणि झाडाखाली शाळा भरलीय. गवत, पाखरं, ओढा हीच पुस्तकं. तिला नाव पडलं कुरणशाळा.

आणि काखेत भावंड घेऊन येणाऱ्या मुली? त्यांच्यासाठी विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, मोठी ताई वर्गात. किती साधं उत्तर! घरात चार पोरं सांभाळलेल्या कुठल्याही बाईला सुचेल असं. पण मला कुठे सुचलं होतं?

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. अनुताईंनी टेकडीवरचं काम पुढे नेलं. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ला, सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

शब्द पोचला, अंगण मात्र कुठे कुठे राहून गेलं. आमच्या शेजारची तीन वर्षांची चिमुरडी सकाळी व्हॅनमधून जाते, बंद खोलीत बसून रेघोट्या गिरवते आणि घरी येऊन पेंगते. दारातल्या कडुनिंबाच्या निंबोळ्या तशाच पडून असतात. परवा मी तिला वेचायला बसवलं. वीसपर्यंत मोजल्या की हो तिनं!

आता हंगाम सुरू झाला की मी संध्याकाळी माळावर जाते. पिशवीत चिंचोके असतात, खडू असतो. पाच-सहा मुलं जमतात. काखेत बाळ असलेली एखादी असतेच. ते बाळ मी माझ्या मांडीवर घेते.