काबागृहाच्या छतावरील आवाज : हजरत बिलाल इब्न रबाह

इतिहासाची बहुतेक पाने राजे, सेनापती आणि व्यापारी यांच्या नावांनी भरलेली असतात. ज्यांच्या पाठीवर चाबूक उडाला, बाजारात ज्यांची किंमत ठरली, त्यांची नावे क्वचितच शिल्लक राहतात. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात मक्केत जन्मलेल्या एका हबशी गुलामाचे नाव मात्र आज चौदाशे वर्षांनंतरही कोट्यवधी लोक आदराने घेतात. हे नाव म्हणजे हजरत बिलाल इब्न रबाह.

बौद्ध विद्यार्थ्यांच्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत एका मुस्लीम पुरुषाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आमच्याच परंपरेत आहे. 1873 साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना महात्मा जोतीराव फुले यांनी तो ग्रंथ अमेरिकेतील काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. पैगंबरांवरही त्यांनी ‘मानव महंमद’ हे काव्य रचले. 1935 साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यानंतर 1956 सालच्या नागपूरच्या दीक्षेपर्यंत बाबासाहेबांनी एकवीस वर्षे वेगवेगळ्या धर्मांचा विचार केला. माणसाने धर्म बदलला म्हणजे त्याच्या आयुष्यात नेमके काय बदलते, हा आमच्या घराघरांतला प्रश्न आहे. त्याच प्रश्नासाठी आम्ही बिलाल यांच्या जीवनाकडे वळतो.

बिलाल यांचा जन्म इसवी सन 580 च्या सुमारास झाला असे मानले जाते. वडिलांचे नाव रबाह, आईचे हमामा. हे कुटुंब मूळचे अबिसिनियाचे, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या परिसरातले. कुरैश टोळीच्या बनू जुमह या घराण्याची मालकी त्यांच्यावर होती. या घराण्याचा प्रमुख उमय्या इब्न खलफ हा बिलाल यांचा धनी. त्या काळच्या अरबस्तानात राजा नव्हता, न्यायालय नव्हते, पोलीस नव्हते. माणसाचे रक्षण त्याची टोळी करी. एखाद्याचा खून झाला तर त्याची टोळी सूड घेई आणि या भीतीमुळेच माणसे एकमेकांवर हात उचलायला कचरत. गुलामाला अशी टोळी नव्हती. त्याच्या रक्ताचा सूड घेणारा कोणी नसल्यामुळे त्याचे काय करावे हे पूर्णपणे धन्याच्या मर्जीवर असे. बिलाल यांचा अपराध काहीच नव्हता. गुलामाच्या पोटी जन्म झाला, एवढ्यावरून त्यांचे आयुष्य ठरून गेले होते. जन्मावरून आयुष्य ठरणे म्हणजे काय, हे आम्हांला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

इसवी सन 610 च्या सुमारास महंमद पैगंबरांनी एकेश्वराचा उपदेश सुरू केला. प्रारंभी जी मोजकी माणसे त्यांच्यामागे गेली, त्यांत बिलाल होते. या नव्या अनुयायांना जो त्रास झाला तो सर्वांना सारखा झाला नाही. ज्यांच्या पाठीशी वजनदार घराणे होते त्यांना टोमणे आणि बहिष्कार सोसावा लागला. ज्यांच्या पाठीशी कोणी नव्हते त्यांच्या देहावर घाव पडले. खब्बाब या लोहाराला निखाऱ्यांचे चटके दिले गेले. यासिर, त्यांची पत्नी सुमय्या आणि पुत्र अम्मार यांना वाळवंटातल्या उन्हात छळले गेले. त्यांतच सुमय्या यांचा वध झाला. इस्लामच्या इतिहासात हुतात्म्यांच्या यादीतले पहिले नाव या दासी स्त्रीचे आहे.

उमय्या बिलाल यांना भर दुपारी मक्केबाहेरच्या तापलेल्या वाळूवर उताणे पाडी आणि छातीवर मोठा दगड ठेववी. जुन्या देवतांना मान, नाहीतर असाच मर, एवढेच त्याचे मागणे असे. बिलाल उत्तरादाखल फक्त एक शब्द पुन्हा पुन्हा उच्चारीत. तो एक आहे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. येथे आम्हांला धन्याच्या रागाचे कारण समजून घ्यावेसे वाटते. बिलाल काम करीत नव्हते किंवा पळून गेले होते असे नाही. देह धन्याच्या मालकीचा असला तरी मन त्याच्या मालकीचे नाही, एवढेच त्यांनी दाखवून दिले होते. गुलामगिरीचा डोलारा ज्या पायावर उभा असतो तो पायाच त्यामुळे हलला. दगडाखालचा माणूस नाही म्हणू शकतो, हे धन्याला सहन होणारे नव्हते.

अखेर पैगंबरांचे निकटचे सहकारी अबू बक्र यांनी बिलाल यांची सुटका केली. काही वृत्तांतांत सोने देऊन खरेदी केल्याचे सांगितले आहे. आठव्या शतकातील चरित्रकार इब्न इसहाक मात्र वेगळी हकीकत देतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे अबू बक्र यांनी आपल्याकडचा एक काळा गुलाम, जो बिलाल यांच्याहून धडधाकट होता आणि उमय्याच्याच धर्माचा होता, तो बदल्यात दिला व बिलाल यांना घेऊन मुक्त केले. अबू बक्र यांनी आणखी सहा जणांना मुक्त केले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. सोडवायचेच तर धट्टेकट्टे पुरुष सोडव, ते पुढेमागे तुझे रक्षण तरी करतील, असे त्यांच्या वृद्ध वडिलांनी सुचविले तेव्हा आपण हे लाभासाठी करीत नाही असे त्यांनी सांगितले. पुढे उमर हे अबू बक्र यांना आपला सरदार म्हणत आणि त्यांनी ज्याला सोडविले त्या बिलाल यांनाही आपला सरदार म्हणत.

इसवी सन 622 मध्ये पैगंबर आणि त्यांचे अनुयायी मक्का सोडून मदिनेला गेले. मदिनेची हवा नवागतांना मानवली नाही. अनेकजण तापाने फणफणले, त्यांत बिलालही होते. तापातून जरा सावध झाले की ते मक्केच्या दरीतल्या सुगंधी गवताची आठवण काढीत. तेथले पाणी पुन्हा प्यायला मिळेल का, तेथले डोंगर पुन्हा दिसतील का, असे काव्यातून विचारीत. ज्या गावाने छातीवर दगड ठेवला त्या गावाच्या गवताची ओढ त्यांना होती. गावकुसाबाहेर जन्मून शहरात आलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना ही ओढ ठाऊक आहे. गावाने माणूस म्हणून वागविले नाही, तरी गावची माती आठवतेच.

मदिनेत प्रार्थनेसाठी लोकांना बोलवावे कसे, असा प्रश्न उभा राहिला. ज्यूंप्रमाणे शिंग फुंकावे, ख्रिस्ती लोकांप्रमाणे लाकडी फळी वाजवावी, असे पर्याय पुढे आले. अखेर मानवी आवाजाने हाक द्यावी असे ठरले. या हाकेचे शब्द अब्दुल्ला इब्न झैद यांना स्वप्नात सुचले होते. पैगंबरांनी त्यांना ते शब्द बिलाल यांना शिकविण्यास सांगितले, कारण बिलाल यांचा आवाज अधिक चांगला होता. अशा रीतीने बिलाल इस्लामचे पहिले मुअज्जिन झाले. निवडीची कसोटी कुळ नव्हती, गुण होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मशिदीजवळ नज्जार कुळातील एका स्त्रीचे घर सर्वांत उंच होते. पहाटेची अजान बिलाल तिच्या छतावरून देत. उजाडण्याच्या बरेच आधी ते छतावर येऊन बसत आणि पूर्वेकडे नजर लावून थांबत. पहाट दिसू लागली की उभे राहत आणि हाक देण्यापूर्वी एक छोटी प्रार्थना करीत. ही प्रार्थना स्वतःसाठी नसे, तर कुरैशांना सन्मार्ग सापडावा म्हणून असे. ज्यांनी छळले त्यांच्या भल्याची इच्छा ते रोज पहाटे करीत, ही आठवण त्या घरधनिणीनेच पुढच्या पिढीला सांगितली.

तरीही बिलाल यांना आम्ही देवपण देऊ इच्छित नाही. 624 साली बद्रची लढाई झाली. उमय्या पराभूत होऊन आपल्या मुलासह अब्दुर्रहमान इब्न औफ या जुन्या मित्राच्या स्वाधीन झाला. खंडणी मिळेल म्हणून अब्दुर्रहमान त्याला जिवंत घेऊन निघाले होते. बिलाल यांनी उमय्याला ओळखले आणि मोठ्याने ओरडून मदिनेच्या लढवय्यांना बोलावून घेतले. अब्दुर्रहमान आडवे आले, पण बापलेक दोघेही मारले गेले. कैद झालेल्या माणसाचा हा अंत होता. बुद्धाच्या करुणेची शिकवण घेतलेल्या आम्हांला त्याचे समर्थन करता येत नाही. परंतु रोज पहाटेची ती प्रार्थना आणि बद्रवरचा तो आक्रोश एकाच माणसाच्या छातीतून निघाला, हे आम्ही विसरत नाही. दगड उचलला गेला तरी त्याचा व्रण आत राहतो.

धर्म बदलला म्हणून भोवतालच्या माणसांची मने एका दिवसात बदलली नाहीत. पैगंबरांचे एक सच्चे अनुयायी अबू जर यांनी एकदा भांडणात एका माणसाला त्याच्या आईवरून हिणविले. तो माणूस बिलालच होते आणि हिणविले ते आईच्या काळ्या रंगावरून, असे परंपरा सांगते. तुझ्यात अजून जुन्या अज्ञानाचा अंश उरला आहे, अशा आशयाच्या शब्दांत पैगंबरांनी त्यांची कानउघाडणी केली. आणखी एक प्रसंग विवाहाचा आहे. अबुल बुकैर यांची मुले आपल्या बहिणीसाठी स्थळ सुचवा म्हणून पैगंबरांकडे आली. त्यांनी बिलाल यांचे नाव सुचविले. मुले परत गेली, पुन्हा आली, पुन्हा तेच नाव ऐकून गेली. तिसऱ्यांदा तेच नाव ऐकल्यावर त्यांनी बहीण दिली. 1936 सालच्या जातिनिर्मूलनावरील निबंधात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून सांगितला. एका पंगतीला बसणे सोपे, सोयरीक जुळविणे अवघड, हे मदिनेतही दिसून आले होते. फरक एवढाच की तेथे तीनदा तेच नाव सांगणारा कोणी होता.

630 च्या जानेवारीत मक्का पैगंबरांच्या हाती आली. काबागृहात त्यांनी प्रवेश केला तेव्हा सोबत गेलेल्या मोजक्या माणसांत बिलाल होते. त्यानंतर पैगंबरांच्या आज्ञेवरून बिलाल काबाच्या छतावर चढले आणि त्यांनी अजान दिली. ज्या नगरीत त्यांची किंमत ठरली होती, त्याच नगरीच्या सर्वांत पवित्र वास्तूच्या माथ्यावर ते उभे होते. खाली बसलेल्या कुरैश सरदारांना ते झोंबले. एकाने तर आपला बाप हे ऐकण्यापूर्वीच मेला हे बरे झाले, असे उद्गार काढले. सत्ता बदलली होती, पराभव मान्य झाला होता, परंतु एका काळ्या मुक्तदासाचे उंचावर उभे राहणे मान्य होत नव्हते. महाडच्या तळ्यावर 1927 साली आमच्या माणसांनी ओंजळभर पाणी घेतले तेव्हा पेटलेला राग याच जातीचा होता. त्या रागाला पाण्याचे किंवा छताचे निमित्त लागते. खरे कारण समोरचा माणूस ताठ उभा राहिला, हे असते.

632 मध्ये पैगंबरांचे निधन झाले. त्यानंतर बिलाल यांना अजान देणे जमेना. त्यांनी खलिफा अबू बक्र यांच्याकडे मदिना सोडण्याची परवानगी मागितली. मला स्वतःसाठी सोडविले असेल तर ठेवून घ्या, ईश्वरासाठी सोडविले असेल तर जाऊ द्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. उपकारकर्त्यासमोरही आपले स्वातंत्र्य गहाण न ठेवणारा हा बाणा आम्हांला फार मोलाचा वाटतो. पुढे ते सीरियाच्या मोहिमेत गेले. खलिफा उमर सीरियात आले असता लोकांच्या आग्रहावरून बिलाल यांनी एकदा अजान दिली, तेव्हा पैगंबरांना पाहिलेली वृद्ध माणसे ढसाढसा रडली. उमर यांनी सैनिकांच्या नोंदवह्या तयार केल्या तेव्हा बिलाल यांनी आपले नाव अबू रुवैहा यांच्यासोबत लिहिण्यास सांगितले, कारण मदिनेत पैगंबरांनी या दोघांचे भावाचे नाते जोडून दिले होते. ज्याला टोळी नव्हती त्याने आपला भाऊ स्वतः निवडला. इसवी सन 640 च्या सुमारास बिलाल यांचे निधन झाले. दमास्कसच्या बाब अल-सगीर दफनभूमीत त्यांची कबर दाखविली जाते.

पुढे आफ्रिकेत मालीचे केता राजघराणे आपला वंश बिलाल यांच्यापर्यंत नेऊ लागले. 1975 साली अमेरिकेतील काळ्या मुसलमानांच्या एका मोठ्या संघटनेने आपल्या लोकांना बिलाली म्हणवून घेण्यास सुरुवात केली. आमच्या महाराष्ट्रातही इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, त्याने वसविले.

एवढे सांगून थांबलो तर इतिहासाच्या शिक्षकाचे कर्तव्य पुरे होणार नाही. बिलाल मुक्त झाले, पण गुलामगिरी संपली नाही. गुलामाला मुक्त करणे पुण्याचे ठरले, परंतु गुलाम ठेवणे बंद झाले नाही. सौदी अरबस्तानात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती 1962 साली. पाकिस्तानविषयक ग्रंथात बाबासाहेबांनी मुस्लीम समाजातील गुलामगिरी आणि जातिभेद यांची परखड चिकित्सा केली आहे. एका माणसाचा सन्मान म्हणजे सर्वांची मुक्ती नव्हे, हा धडा सर्वच धर्मांच्या अनुयायांना लागू आहे, आम्हांलाही.

वर्गात हे चरित्र सांगताना आमचे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. बिलाल यांच्या बदल्यात जो दुसरा गुलाम उमय्याला दिला गेला, त्याचे पुढे काय झाले? इब्न इसहाकच्या वृत्तांतात त्याचे नावही नाही. हा प्रश्न मुलांना सुचतो, याचे आम्हांला समाधान आहे. आमच्या शाळेतून शिकून किती तरी मुले उंच छतांवर पोचली. त्यांचा आम्हांला अभिमान आहे. परंतु प्रत्येकाच्या जागी खाली कोणी तरी राहून गेला आहे, ज्याचे नाव कोणत्याही स्मरणिकेत नाही. छतावर चढलेल्याने पहाटेची हाक त्याच्यासाठी द्यायची असते.