तीन घरं आणि एक वही

डायबिटीस हा घरातल्या मोठ्यांचा विषय, असं समजून आपण पान उलटतो. पण एका डॉक्टरने हा विषय थेट आपल्या गल्लीतून उचलला होता.

इलियट जॉस्लिन यांचा जन्म 1869 चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या ऑक्सफर्ड गावचा. हार्वर्डमधून डॉक्टर होऊन 1898 मध्ये त्यांनी बोस्टनला प्रॅक्टिस सुरू केली. प्रत्येक पेशंटची नोंद ते वहीत ठेवायचे. त्या वहीत त्यांची आईही होती, कारण तिलाही डायबिटीस होता.

1921 मध्ये त्यांनी गावातल्या एका रस्त्याबद्दल लिहिलं. शेजारच्या तीन घरांतल्या सात कर्त्या माणसांपैकी सहा जण डायबिटीसने गेले होते. साथीचा रोग असता तर गाव हादरलं असतं. इथे कुणी दखलही घेतली नाही. त्या काळी बरेच डॉक्टर डायबिटीसला ज्यूंचा आजार म्हणायचे. जॉस्लिन यांचं बोट मात्र लठ्ठपणाकडे होतं.

पण वहीवाला माणूसही चुकू शकतो. ॲरिझोनात पाहणी करून 1940 मध्ये त्यांनी निष्कर्ष काढला, की तिथल्या मूळनिवासींमध्ये डायबिटीसचं प्रमाण इतरांसारखंच आहे. पंचवीसेक वर्षांनी तिथल्याच पिमा लोकांची रक्ततपासणी झाली, तेव्हा पस्तिशीपुढच्या जवळपास निम्म्या लोकांना डायबिटीस निघाला! तो पाहायला जॉस्लिन नव्हते. 1962 मध्ये, 92 व्या वर्षी ते गेले.

मग दोष रक्ताचा? पूर्ण नाही. पिमा मुळात शेतकरी. गिला नदीचं पाणी वरच्या अंगाला वळवलं गेलं, शेती बुडाली आणि ताटात सरकारी शिध्याचं पीठ, साखर, चरबी आली. मेक्सिकोच्या डोंगरात कष्टाची शेती करणाऱ्या त्यांच्याच भाऊबंदांमध्ये हे प्रमाण सुमारे 7 टक्के आढळलं, तर ॲरिझोनात 38.

आता आपलं. अमेरिकेत डायबिटीसच्या तपासणीसाठी वजनाची रेषा बीएमआय 25 ला आहे, आशियाई वंशाच्या लोकांसाठी मात्र 23 ला. पुण्यातल्या संशोधनातही दिसलं, की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. म्हणजे 'मी तर बारीक आहे' हे आपलं उत्तर पुरेसं नाही. घरात कुणाला डायबिटीस असेल, तर वहीत पहिलं नाव आपलंच लिहा आणि शुगर तपासून घ्या.