बायकोला यीस्ट सोसत नव्हतं, म्हणून नवऱ्याने बेकिंग पावडर बनवली

फ्रूट स्कोन करायला काय लागतं? मैदा, लोणी, थोडी साखर, दूध, मूठभर मनुका आणि दोन चमचे बेकिंग पावडर. पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवलं की स्कोन टम्म फुगतात. पीठ आंबवत ठेवायची कटकट नाही की अंड्याची गरज नाही.

ही सोय जगाला मिळाली ती एका बाईच्या दुखण्यामुळे.

तिच्या नवऱ्याचं नाव आल्फ्रेड बर्ड. जन्म १८११ चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरचा. औषधांचं काम शिकून त्याने बर्मिंगहॅममध्ये स्वतःचं दुकान टाकलं. पण नुसत्या पुड्या बांधण्यात त्याचं मन रमणारं नव्हतं. त्याला नाद होता प्रयोगांचा.

त्याची बायको एलिझाबेथ. तिला कस्टर्ड आवडायचं, पण अंडी बाधायची. आणि त्या काळी अंड्याशिवाय कस्टर्ड व्हायचंच नाही. मग १८३७ मध्ये बर्डने अंड्याऐवजी कॉर्नफ्लोअर वापरून कस्टर्ड पावडर तयार केली. असं सांगतात, की एकदा घरी आलेल्या पाहुण्यांच्या पानात हेच कस्टर्ड गेलं आणि त्यांनी ते मिटक्या मारत संपवलं. घरातला उपाय दुकानात विकायला आला.

पण अडचण अर्धीच सुटली होती. एलिझाबेथला यीस्टही सोसत नव्हतं. म्हणजे रोजचा पावसुद्धा बंद.

१८४३ मध्ये बर्डने त्यावरही तोड काढली. खाण्याचा सोडा आणि एक आम्ल, दोन्ही कोरड्या पावडरी. त्यात स्टार्च मिसळला, म्हणजे दमटपणा स्टार्च शोषून घेईल आणि डब्यातच काम सुरू होणार नाही. पिठात पाणी किंवा दूध पडलं की सोडा आणि आम्ल एकमेकांना भिडतात, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि पीठ फुगतं. यीस्टला जे करायला तास लागायचे, ते इथे मिनिटांत व्हायला लागलं. स्कॉटलंडमध्ये तव्यावर भाजले जाणारे चपटे स्कोन उंच आणि हलके झाले ते अशा पावडरींमुळेच.

पुढे क्रिमियन युद्धात ब्रिटिश सैनिकांना ताजा पाव मिळावा म्हणूनही ही पावडर वापरली गेली.

गंमत म्हणजे बर्डचे इतरही उद्योग चालू असायचे. त्याने पाच सप्तकांचा काचेच्या वाडग्यांचा संच जमवला होता आणि तो वाजवायचाही. १८५९ मध्ये त्याने हवेचा दाब मोजायला पाण्याचा बॅरोमीटर उभारला.

१८७८ मध्ये तो गेला. केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मृत्युलेख आला. त्यात बॅरोमीटर होता, काचेचे वाडगेही होते. कस्टर्ड आणि बेकिंग पावडरचा मात्र उल्लेखच नव्हता!

धंदा वाढवला तो त्याच्या मुलाने. बर्मिंगहॅमच्या डिगबेथ भागातला बर्ड कंपनीचा जुना कारखाना आजही ‘कस्टर्ड फॅक्टरी’ म्हणूनच ओळखला जातो. आता तिथे दुकानं आणि कलाकारांचे स्टुडिओ आहेत.

आणि आपल्याकडे? अंडं न खाणाऱ्या घरातही उन्हाळ्यात फ्रूट कस्टर्ड होतं, वाढदिवसाला बिनअंड्याचा केक फुगतो. मुळात ही सगळी खटपट एलिझाबेथला चार घास नीट खाता यावेत म्हणून होती.