उषाताईंचा गुप्त रेडिओ

मैत्रिणींनो, युद्ध सुरू झालं की सरकार आधी बातम्यांवर पहारा बसवतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं आपल्याकडे हेच केलं. हौशी लोकांचे रेडिओ परवाने रद्द झाले, वर्तमानपत्रांवर निर्बंध आले. ऑल इंडिया रेडिओ तर सरकारचाच! ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक दिली आणि गांधीजींसह बडे पुढारी तुरुंगात गेले. आता देशात काय चाललंय, हे लोकांना सांगणार कोण?

ते काम अंगावर घेतलं २२ वर्षांच्या उषा मेहता यांनी. जन्म १९२० चा, सुरतजवळच्या सरस गावातला. वडील इंग्रजांच्या नोकरीतले न्यायाधीश. विल्सन कॉलेजात शिकलेल्या उषाताईंनी कायद्याचा अभ्यास सोडला आणि विठ्ठलभाई झवेरींसारख्या सहकाऱ्यांबरोबर मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभारला. राम मनोहर लोहियांची साथ होती. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर त्यांचा आवाज ऐकू आला. पोलीस मागावर, म्हणून सारखी जागा बदलायची.

विदर्भातल्या चिमूरमध्ये आंदोलन चिरडताना बायकांवर अत्याचार झाले. ही बातमी या रेडिओनं देशाला सांगितली. पुढे प्राध्यापक भन्साळींनी चौकशीसाठी उपोषण केलं, तेव्हा त्या उपोषणाची बातमी छापायलाही सरकारनं बंदी घातली. वस्तीतल्या बायकांशी बोलताना मी हे आवर्जून सांगते. अत्याचार झालाच नाही असं भासवायचं, तर बातमी दाबली की पुरतं!

१२ नोव्हेंबरला एका तंत्रज्ञाच्या फितुरीमुळे धाड पडली. सहा महिने चौकशी चालली, परदेशी शिक्षणाचं आमिषही दाखवलं. रोज रेडिओवर बोलणाऱ्या उषाताईंनी तिथं मात्र तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याच्या तुरुंगात तब्येत खालावली. १९४६ मध्ये सुटल्या, तोवर उमेदीची वर्षं गेली होती.

तरी त्या पुन्हा अभ्यासाला लागल्या. गांधीविचारांवर पीएच.डी. केली, मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं, मणिभवनचं काम पाहिलं. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ११ ऑगस्ट २००० रोजी त्या गेल्या. २०२४ मध्ये त्यांच्यावर सिनेमाही आला.

तो रेडिओ चालला जेमतेम तीन महिने. पण चिमूरच्या बायकांचं दुःख तेवढ्यात देशाच्या कानावर गेलं. आपल्या लेकींना ही गोष्ट नक्की सांगा.